करवंटी फळाची की बियेची?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे आपल्यालाही पडताळता येईल. आपल्या मुलीच्या अकरावीच्या पुस्तकात आंबा आणि नारळ ही दोन्ही अश्मगर्भी फळे, म्हणजे आत दगडासारखा कठीण थर असलेली फळे, म्हणून एकाच ओळीत दिली आहेत. आपली शंका अशी की आंब्याची कोय ही सरळसरळ बी आहे, ती पेरली की रोप येते; मग नारळाची करवंटीही बियेचेच कवच मानायचे का, आणि तसे मानले तर वरचे सोडण साल ठरते की गर? पुढे आपण असेही विचारले आहे की डाळिंबाचा दाणा फळ की बी, आणि काजूचे बोंडू खरे फळ नसेल तर खरे फळ कोणते. मी अठ्ठावीस वर्षे कोकणात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिके घेतली, आणि या चारही प्रश्नांवर मुलांना हातातील चिमटे खाली ठेवून वाद घालताना पाहिले आहे.

प्रश्न चार दिसत असले तरी गाठ एकच आहे. साल, टरफल, फोल, सोडण, करवंटी, कोय हे शब्द आपल्या पूर्वजांनी ते आवरण कसे निघते आणि निघाल्यावर कशाला उपयोगी पडते, हे पाहून ठेवले. नखाने किंवा विळीने निघते ती साल, दाबून किंवा फोडून काढावे लागते ते टरफल, पहारीवर आपटून सोलावे लागते ते सोडण. वनस्पतिशास्त्राला मात्र त्या आवरणाच्या निघण्याशी कर्तव्य नाही. ते आवरण फुलाच्या कोणत्या भागापासून वाढले एवढेच ते विचारते. ही दोन नामकरणे एकमेकांवर नेमकी बसत नाहीत. मुलांची गडबड होते ती फळ कठीण असते म्हणून नव्हे, तर घरातील शब्दाला पुस्तकातील शब्दाचा प्रतिशब्द समजून चालल्यामुळे.

म्हणून फुलापासून सुरुवात करू. फुलाच्या मध्यभागी किंजपुट असतो आणि त्याच्या आत बीजके असतात. फलधारणा झाली की किंजपुटाच्या भिंतीचे फलावरण होते आणि बीजकांच्या बिया होतात. बीजकाभोवतीची जी पातळ आवरणे असतात त्यांचे बीजावरण होते. फलावरणाचे बाहेरून आत असे तीन थर मानतात : बाह्यावरण, मध्यावरण आणि अंतरावरण. पुस्तकागणिक या नावांत थोडा फरक आढळेल, त्याने बिचकू नये. अडचण येते ती थर मोजताना. जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी बाहेरून आत मोजत जातो, आणि जो पहिला कठीण थर लागतो त्याला बियेचे कवच म्हणून मोकळा होतो. मी वर्गात उलट सांगत असे : आतून बाहेर मोजा. आधी गर्भ शोधा, त्याला लगटून असलेले बीजावरण शोधा, आणि त्याच्या बाहेर जे काही आहे ते फलावरण आहे असे धरून चाला. पुढे अपवाद येतील, पण ही वाट सहसा चुकत नाही.

याचा सर्वांत सोपा सराव भुईमुगाच्या शेंगेवर होतो. दाण्याच्या दोन डाळी म्हणजे गर्भाची दले. त्यांच्यावरचा, भाजल्यावर चोळून पाखडून टाकतो तो लालसर पापुद्रा म्हणजे बीजावरण. बाहेरचे जाळीदार टरफल म्हणजे फलावरण. येथे कोणाचा गोंधळ होत नाही, कारण बी आणि फळ यांच्यामध्ये मोकळी जागा असते आणि शेंग हलवली तर दाणा वाजतो. आता हेच डोळ्यांसमोर ठेवून कोय फोडू.

पिकलेल्या आंब्याची कोय धुऊन चार दिवस उन्हात वाळवावी आणि कडेच्या शिवणीवर कोयत्याची धार धरून उकलावी. शिंपल्यासारखी दोन कठीण, केसाळ पुडे वेगळी होतात. आत फिकट तपकिरी, कागदासारखा पातळ पापुद्रा असतो, आणि त्या पापुद्र्यात दोन जाड दलांची गिरी. तो कागदी पापुद्रा हे बीजावरण आहे. मग बाहेरचे शिंपले काय? ते फलावरणाचा सर्वांत आतला थर, म्हणजे अंतरावरण. तेव्हा कोय ही नुसती बी नव्हे. ती फळाच्या भिंतीचा आतला थर अंगावर घेऊन बसलेली बी आहे. आपण कोय पेरतो म्हणजे फळाचा एक तुकडाही सोबत पेरतो. रोपवाटिकेत काही जण बाहेरचे शिंपले काढून नुसती गिरी लावतात आणि तीही उगवते, यावरून शिंपले हा बियेचा अविभाज्य भाग नाही हे दिसून येते.

येथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती म्हणजे आपण फळ कोणत्या वयात कापता. अगदी कोवळी कैरी सुरीने आरपार कापली जाते आणि तीन थर वेगळे दिसतच नाहीत. सगळे पांढरट-हिरवे आणि एकजीव असते. लोणच्याला आपण कोय धरलेली कैरी मागतो, तेव्हा अंतरावरण कठीण होऊ लागले आहे पण अजून अडकित्त्याने तुटते, अशा नेमक्या टप्प्यावरचे फळ आपण मागत असतो. लोणचे घालणाऱ्या बायकांना ही अवस्था पुस्तकाशिवाय कळते. प्रात्यक्षिकासाठीही मी तीच कैरी आणायला सांगत असे, कारण त्या वयात तिन्ही थरांच्या सीमा सर्वांत स्वच्छ दिसतात. पिकलेल्या आंब्यात गर इतका मऊ झालेला असतो की साल कोठे संपली आणि गर कोठे सुरू झाला, हे सुरीला कळत नाही.

आंब्याच्या सालीविषयी, म्हणजे बाह्यावरणाविषयी, थोडे अधिक लिहितो, कारण संरक्षणाचे बरेचसे काम तेथे चालते आणि पुस्तकात त्याला जेमतेम एक ओळ मिळते. सालीच्या सर्वांत बाहेर मेणासारखी उपत्वचा असते, तिच्यामुळे फळातील पाणी उडून जात नाही. त्यावर जे बारीक पांढुरके ठिपके दिसतात ती श्वसनाची छिद्रे होत. सालीत चिकाच्या नळ्या असतात आणि त्यांतील चीक दाबाखाली असतो. म्हणून देठ मोडला की तो पिचकारीसारखा उडतो. हा चीक तेलकट असतो आणि फळावर ओघळला तर ती जागा काळपट भाजल्यासारखी होते. याच कारणाने हापूस देठासकट उतरवतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’, म्हणजे फळे उतरवायची जाळीची काठी, बनवण्यामागे देठ राखून फळ काढता यावे हाच हेतू होता. हिरव्या सालीत बुरशीला रोखणारी रसायनेही असतात. करप्याची बुरशी फळ लहान असतानाच सालीवर येऊन बसते, पण त्या रसायनांमुळे तिला पुढे सरकता येत नाही. फळ पिकू लागले की ही रसायने कमी होतात आणि आढीत ठेवलेल्या, कालपर्यंत निर्दोष दिसणाऱ्या आंब्यावर दोन दिवसांत काळे डाग उमटतात. पुष्कळांना वाटते की डाग आढीत लागला. पाहुणा फार आधीपासून उंबऱ्यावर बसलेला असतो. उलट हापूसमधील साका, म्हणजे गर पांढरट व स्पंजासारखा राहण्याचा दोष, मध्यावरणात, कोयीच्या बाजूच्या गरात असतो, म्हणून बाहेरून साल कितीही न्याहाळली तरी तो दिसत नाही. कोणता दोष कोणत्या थरात आहे हे कळले की कोणत्या आंब्याला नाक लावायचे आणि कोणता कापूनच पाहायचा, तेही कळते.

आता नारळ. येथे मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे, ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात ठामपणे सांगितले की करवंटी हे नारळाचे बीजावरण आहे. ज्यांच्या घरी नारळाची वाडी होती असा एक मुलगा मागच्या बाकावरून उठला, खोबऱ्याचा तुकडा उलटा करून त्याची तपकिरी पाठ दाखवत म्हणाला, “सर, मग हे काय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी घरी चार नारळ फोडले, आणि त्यानंतर ‘आतून बाहेर’ ही शिस्त मी सोडली नाही.

खोबऱ्याच्या पाठीला जो पातळ तपकिरी पापुद्रा चिकटलेला असतो, जो वड्या पांढऱ्याशुभ्र व्हाव्यात म्हणून आपण खवणीवर खरवडायचा टाळतो, तेच बीजावरण. करवंटीतून अखंड गोटा निघाला तर त्या पापुद्र्यावर झाडाच्या फांद्यांसारखे शिरांचे जाळे दिसते; वाढत्या बीला अन्न पोहोचवणाऱ्या त्या वाहिन्या होत. खोबरे आणि पाणी हे दोन्ही पुष्क, म्हणजे गर्भासाठी साठवलेले अन्न. एक घट्ट झालेले, दुसरे अजून पातळ. गर्भ स्वतः शेंगदाण्याहूनही लहान असतो आणि मऊ डोळ्याच्या खाली खोबऱ्यात रुतलेला असतो. बीजावरणाच्या बाहेर पहिली येते करवंटी, म्हणून ती अंतरावरण. तिच्या बाहेर काथ्या देणारे सोडण, ते मध्यावरण. आणि सर्वांत वरची गुळगुळीत, हिरवी किंवा पिवळसर, पाणी आत न शिरू देणारी पातळ कातडी, ती बाह्यावरण. म्हणजे आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : करवंटी फळाची आहे, बियेची नाही, आणि आंब्याच्या कोयीचे शिंपले व नारळाची करवंटी ही एकाच थराची दोन रूपे आहेत. सोडण मात्र आंब्याच्या सालीशी नव्हे, गराशी जुळते. आंब्याचा जो थर आपण चाखतो, तोच थर नारळात दोरखंड वळायला जातो.

करवंटीवरचे तीन डोळे पाहून तर फुलाचीच आठवण व्हावी. नारळाच्या मादी फुलात तीन किंजदले, म्हणजे किंजपुट ज्यांचा बनतो ते घटक, एकत्र जुळलेली असतात आणि प्रत्येकात एक बीजक असते. त्यांपैकी एकच वाढते आणि दोन खुरटतात. तीन डोळे ही त्या तीन दालनांची खूण. दोन डोळे कायमचे बंद होतात आणि एक मऊ राहतो, त्यातून कोंब बाहेर येतो. देवापुढे नारळ ठेवताना शेंडी कोणत्या बाजूला असावी यावर आपल्याकडे बरीच चर्चा होते. त्या शेंडीखाली बाहेर पडण्याचे एकच दार उघडे आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

एकाच आराखड्याची इतकी वेगळी रूपे का झाली, हे थराच्या कामावरून कळते. आंब्याला आपली कोय कोणीतरी उचलून न्यायला हवी असते, म्हणून मध्यावरण गोड व रसाळ होते आणि खाणाऱ्याच्या दातांपासून बी वाचावी म्हणून अंतरावरण दगडासारखे होते. नारळ समुद्रकाठचा आहे. त्याला तरंगायचे असते, म्हणून मध्यावरण हवेने भरलेल्या धाग्यांचे होते आणि बाह्यावरण खारे पाणी बाहेर अडवते. शहाळे घेताना मात्र हे सारे घडून पूर्ण झालेले नसते : सोडण ओले आणि पिठूळ असते, करवंटी पांढरट व इतकी मऊ असते की विक्रेता कोयत्याच्या एका घावात ती उडवतो. येथेही फळाचे वय लक्षात घ्यावे लागते.

काजूकडे वळताना आधी फळ झाडावर पाहिलेले असले तर फार सोपे जाते. फुलानंतर प्रथम वाढते ती बी म्हणून आपण ओळखतो ती राखाडी-हिरवी, मूत्रपिंडासारखी काजू. ती जवळजवळ पूर्ण आकाराची होते तेव्हा तिच्या वर फक्त बारीक देठ असतो. त्यानंतर तो देठच फुगू लागतो, रंगतो, रसाने भरतो आणि आपल्या फळालाच खाली लटकत ठेवतो. हे फुगलेले देठ म्हणजे बोंडू, ज्याच्या रसापासून गोव्यात फेणी करतात. त्यात किंजपुटाचा अंशही नाही, म्हणून त्याला आभासी फळ म्हणतात. खरे फळ ती काजूच. तिच्या टरफलाचा आडवा छेद घेतला तर बाहेर चिवट बाह्यावरण, मध्ये मधाच्या पोळ्यासारखे पोकळ कप्पे असलेले मध्यावरण आणि आत कठीण अंतरावरण असे तीन थर दिसतात. त्या कप्प्यांत काळपट, दाहक तेल भरलेले असते. आत तांबूस पापुद्रा, तो बीजावरण; आणि त्यात दोन दलांचा काजूगर. आपण काजू खातो तेव्हा गर्भ खातो, जसा शेंगदाण्यात खातो.

या तेलाविषयी सावधगिरीचा शब्द येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. चैत्र-वैशाखात ओले काजूगर काढणाऱ्या बायकांचे तळवे आणि बोटांची टोके सोलून निघालेली मी पाहिली आहेत. राख किंवा तेल चोळूनही पूर्ण बचाव होत नाही. आपली मुलगी घरी छेद घेऊन पाहणार असेल तर कच्च्या काजूऐवजी दुसरे फळ घ्यावे, आणि काजूच घ्यायची झाली तर हातमोजे घालून, शेजारी मोठे माणूस असताना. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे आहेत आणि तिघांनीही फळाच्या भिंतीत रासायनिक पहारा बसवला आहे, फक्त जागा वेगळ्या. आंब्यात तो सालीत आहे, म्हणूनच काहींना चीक लागून ओठांभोवती पुरळ येते. काजूत तो मधल्या थरात आहे. बिब्ब्यात तर फलावरणातील काळा रस इतका जहाल, की धोबी त्याने कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करत आणि अंगाला लागला तर माणसाचा बिब्बा उतत असे. त्याच बिब्ब्याच्या आतील गर म्हणजे गोडांबी, जी आपण निर्धास्तपणे डिंकाच्या लाडवांत घालतो. आवरण जितके उग्र तितका आतील गर्भ साधा आणि बिनविषारी, असे या कुळापुरते तरी म्हणता येते.

येथपर्यंतचा हिशेब एकदा पाहून घेऊ. कोयीतील कागदी पापुद्रा, खोबऱ्याची तपकिरी पाठ, काजूगराचे तांबूस साल आणि शेंगदाण्याचा लाल पापुद्रा ही चारही बीजावरणे. शिंपले आणि करवंटी ही अंतरावरणे. गर, सोडण आणि काजूचा तेलाचा थर ही मध्यावरणे. हे पक्के झाले असेल तरच पुढे यावे, कारण डाळिंब ही वाट मोडते.

डाळिंबाचा दाणा ही संपूर्ण बी आहे. त्यातील रस फलावरणात नसून बीजावरणात आहे. दाणा भिंगाखाली धरून नखाने हलकेच फोडला तर दिसते की लाल भाग हा लांबट, रसाने टम्म भरलेल्या पेशींचा आहे आणि त्या पेशी आतील कठीण बियेवर उभ्या रोवल्यासारख्या आहेत. बीजावरणाचे दोन भाग झालेले असतात : बाहेरचा रसाळ आणि आतला कठीण. मऊ दाण्याचे डाळिंब म्हणजे ज्यात हा आतला भाग कमी कठीण आहे असे डाळिंब. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली आळंदी वाणातून निवडलेला वाण, जो पुढे ‘गणेश’ म्हणून घरोघरी पोहोचला, तो या मऊपणामुळेच लोकांना आवडला. म्हणून येथे ‘कठीण ते अंतरावरण, रसाळ ते मध्यावरण’ असा नियम लावला तर उत्तर चुकते. आतून बाहेर मोजले तर मात्र येथेही निभावते : गर्भाला लगटून असलेला आवरणाचा संच, मग तो रसाळ का असेना, बियेचा, आणि त्याच्या बाहेरचे पिवळे पडदे व जाड साल फळाची. सालीच्या बाबतीत एक पुस्ती जोडावी लागते. डाळिंबाचा किंजपुट फुलाच्या बैठकीत बुडालेला असतो, त्यामुळे त्या सालीत फलावरणाबरोबर या बैठकीचा, म्हणजे पुष्पासनाचाही वाटा असतो. टोकाला जो मुकुट असतो तो फुलाच्या संवर्ताचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वलयाचा, आणि त्यात डोकावले तर वाळलेले पुंकेसरही सापडतात. या सालीतील किती भाग कोणाचा, याविषयी निरनिराळ्या लेखकांच्या रेघा थोड्या पुढेमागे पडतात. परीक्षेत आपल्या पुस्तकातील रेघ धरावी.

सांगोल्याकडच्या बागायतदारांना डाळिंबाच्या सालीचे शास्त्र वेगळ्या कारणाने पाठ असते. उन्हात जमीन कोरडी पडली की साल कडक होते आणि तिची ताणली जाण्याची ताकद कमी होते. त्यानंतर एकदम पाणी दिले किंवा पाऊस झाला की आतील दाणे भराभर फुगतात, साल त्यांच्याबरोबर वाढू शकत नाही आणि फळ तडकते. दोष पाण्याचा म्हणावा तर तेवढेच पाणी नियमित दिल्यास साल टिकते. आत बीजावरण वेगाने वाढते, बाहेर पुष्पासन आणि फलावरण मंद. फुलाच्या निरनिराळ्या भागांपासून झालेले थर एकाच वेगाने वाढत नाहीत, हे तडकलेल्या फळाइतके स्वच्छ दुसरीकडे कोठे दिसत नाही.

इतर फळांना हीच कसोटी आपण दोघींनी घरी लावून पाहावी. मी केवळ दिशा दाखवतो. संत्र्याची केशरी, तेलाचे ठिपके असलेली साल बाह्यावरण आणि तिच्या आतील पांढरा स्पंजासारखा भाग मध्यावरण. फोडीचा पारदर्शक पडदा अंतरावरण, आणि रसाचे जे थेंबासारखे दाणे आपण खातो ते त्या पडद्याच्या आतील बाजूने वाढलेले केस होत. साल वाकवून तिचा फवारा मेणबत्तीच्या ज्योतीवर सोडला तर ठिणग्या उडतात, त्यावरून तेल कोठे साठले आहे हे मुलांना जन्मभर आठवते. कोकमात आपण थेट फलावरणच वापरतो. आमसूल म्हणजे मिठाचा आणि स्वतःच्या रसाचा पुन्हा पुन्हा हात देऊन वाळवलेली फळाची भिंत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत लाल मांसल भाग पुष्पासनाचा असतो आणि वर टोचलेल्या पिवळ्या ‘बिया’ ही प्रत्येकी एकेक कोरडी फळे असतात. संरक्षक भिंत त्या कणांभोवती आहे, लाल गराभोवती नाही, म्हणून स्ट्रॉबेरी हात लागला की काळवंडते. फणस या यादीत मुद्दाम घालत नाही, कारण तो एका फुलाचे फळच नाही आणि त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

शेवटी सर्वांत बाहेरच्या, जिला कोणी थर म्हणून मोजतही नाही, त्या उपत्वचेबद्दल. द्राक्षावर जी पांढुरकी लव दिसते ती पुष्कळांना औषधाची भुकटी वाटते आणि घरी ती घासून घासून धुतली जाते. फवारणीचे डाग थेंबांच्या आकाराचे आणि विखुरलेले असतात. ही लव सर्वत्र सारखी पसरलेली असते आणि बोट फिरवले की तेथे द्राक्ष चकचकीत दिसते. ते फळाचे स्वतःचे मेण आहे, एकावर एक बसलेल्या सूक्ष्म पापुद्र्यांचे. द्राक्ष स्वच्छ पाण्यात धुवावेच, पण लव निघावी म्हणून धुऊ नये. या मेणाची ताकद किती, हे तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडमध्ये समजते. द्राक्षांचे घड तसेच वाळत घातले तर मेण पाणी अडवून धरते आणि वाळायला फार दिवस लागतात. म्हणून घड आधी काही मिनिटे अडीच टक्के पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड टक्का इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवतात. द्रावणाने साल फाटत नाही, फक्त मेणाच्या पापुद्र्यांची रचना अशी बदलते की पाण्याला वाट मिळते, आणि साधारण पंधरा दिवसांत सावलीतच बेदाणा तयार होतो. शेडमध्ये उभे राहून द्रावणात बुडवलेला आणि न बुडवलेला असे दोन घड आठव्या दिवशी शेजारी शेजारी पाहावेत : एक सुरकुतून सोनेरी होऊ लागलेला, दुसरा जवळजवळ होता तसाच. फरक फक्त मेणाचा असतो.

परीक्षेच्या दृष्टीने आपल्या मुलीने एवढे करावे. नारळासाठी सोडण मध्यावरण, करवंटी अंतरावरण आणि खाण्याचा भाग पुष्क असे लिहावे; आंब्यासाठी खाण्याचा भाग मध्यावरण; काजूसाठी खाण्याचा भाग गर्भाची दले, आणि बोंडू हे फुगलेले देठ; डाळिंबासाठी रसाळ बीजावरण. ‘साल’ हा शब्द उत्तरपत्रिकेत वापरू नये, कारण तपासणाऱ्याला त्यावरून कोणता थर अभिप्रेत आहे हे कळत नाही. आणि येत्या वेळी घरी नारळ फोडाल तेव्हा खोबऱ्याचा एक तुकडा तिच्या हातात उलटा द्यावा, तपकिरी पापुद्र्यावरचे शिरांचे जाळे भिंगातून पाहू द्यावे, आणि करवंटीचा मऊ डोळा सुरीच्या टोकाने उघडून त्याच्या खालचा पांढरा, चिमुकला गर्भ काढून ताटलीत ठेवायला सांगावा.